वरचा डावा कोपरा

अंबरनाथ (पश्चिम),
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजसी,

पोटभर आशीर्वाद. पाकीट जपून फोड, आत पेन ड्राइव्ह आहे. त्यावर माझी बारा चित्रं आहेत: तेजोमेघ सात, तारकागुच्छ तीन, दीर्घिका दोन. व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही टाकली, असं विचारू नकोस. ते चांगल्या फोटोचा भुगा करतं. आणि नुसता पेन ड्राइव्ह पाठवणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येण्यासारखं वाटलं, म्हणून सोबत हे पत्र. तूही उत्तर कागदावरच दे. तुझ्या आजोबांची, म्हणजे माझ्या दादाची, आणि माझी पत्रं पेटीभर आहेत. दादा गेल्यापासून पोस्टमन आमच्याकडे फक्त बँकेचे कागद टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. फेब्रुवारीत इथल्या वाचनालयात माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा माझं नाव भिंतीवर लागणार! तू तिकडे अल्मोड्याच्या डोंगरात वेधशाळेत बसून रोज हेच करतेस, म्हणून आधी तू बघ आणि पास कर.

फोटो बारवी धरणाच्या बाजूला, तिथले शेतकरी भिकी आणि देऊ यांच्या खळ्यातून काढले. तिथे आभाळ अजून काळं आहे, फक्त वायव्येला आनंदनगरच्या कारखान्यांची आणि पलीकडे उल्हासनगरची पिवळट झाक चढते. भिकी मला बघून हसत होती. म्हणाली, "अण्णा, एक डोला मिटून काय बगताव? देवानं दोन दिल्यात ना!" तिला काय सांगणार, चाळीस वर्षांची सवय आहे. दुर्बिणीला उजवा डोळा, डाव्यावर तळहात.

उजेड सपाट करायचं काम मी दोन टप्प्यांत करतो. दुर्बिणीची नळी मधे जास्त उजेड देते आणि कडेला कमी, काचेवर धूळ असली तर तिची गोल सावलीही पडते. त्यासाठी मुकेशकडून एक पॅनल करून घेतलं. मुकेश म्हणजे उल्हासनगरचा, दुकानांच्या पाट्या करणारा. दुधी अ‍ॅक्रिलिक आणि मागे एलईडी. त्या एकसारख्या पांढऱ्या उजेडाचा फोटो म्हणजे फ्लॅट. मूळ फोटोला फ्लॅटने भागलं की कडा आणि धूळ दोन्ही निघतात. हा भागाकार कॉम्प्युटर करतो. मग उरते शहराची झाक, ती वजा करायची. ती वजाबाकी मात्र मी स्वतः करतो, डोळ्याने. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेड पास करत होतो, माझ्या डोळ्याने पास केलेला लॉट कधी परत आला नाही. मशीनने मला आता काय शिकवावं?

माई म्हणते एका कोपऱ्यात उजाडल्यासारखं दिसतं. तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. नव्या भिंगातून तिला सगळंच लख्ख दिसतं, अगदी माझ्या शर्टावरचा डागसुद्धा.

थंडीत कानाला बांधत जा.

तुझा,
अण्णा


अल्मोडा,
२ डिसेंबर २०२४

प्रिय अण्णा,

नमस्कार, आणि आधी एक मोठी मिठी. कागदावर लिहायची सवय इतकी गेली आहे की तिसऱ्या ओळीला हात दुखायला लागला. तरीही लिहितेय, कारण तुमचा हुकूम मोडायची हिंमत मला सातवीत असताना नव्हती आणि आताही नाही. शनीची कडी मला पहिल्यांदा तुम्ही दाखवलीत, ते माझ्या नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी सांगितलं होतं.

चित्रं सुंदर आहेत. खरंच. मृगातला तेजोमेघ मी इथल्या मेसमधल्या भिंतीवर लावला तर कुणाला खरं वाटणार नाही की हा बदलापूरच्या बाजूने काढलाय.

एकच सांगते, आणि तुम्ही चिडणार हे माहीत असूनही सांगते. माई बरोबर म्हणते. बाराही चित्रांत वरचा डावा कोपरा बाकीच्यापेक्षा उजळ आहे. थोडासाच, पण आकडे काढले तर स्पष्ट दिसतो. शहराची झाक म्हणावी तर ती तशी नाही. दुर्बीण पूर्वेला वळवली की झाक चित्राच्या दुसऱ्या बाजूला जायला हवी, इथे ती जागची हलत नाही. तेव्हा मला आधी पॅनलचा संशय आला. मुकेशभाईंच्या दिव्यांपैकी एक ओळ मंद असेल तर फ्लॅट त्या कोपऱ्यात अंधारा येणार, आणि त्याने भागल्यावर चित्र तिथे उजळ होणार.

म्हणून मूळ फोटो, फ्लॅट आणि तुमची जुनी चित्रंही पाठवा. करोनाच्या वर्षातली असतील तीही. प्रदर्शनाला अजून वेळ आहे, कारण सापडलं की एका दुपारचं काम आहे.

मुकेशभाईंना लगेच शिव्या देऊ नका.

तुमची,
राजसी


अंबरनाथ (पश्चिम),
१० डिसेंबर २०२४

चि. राजसी,

चिडलो नाही. चिडलो असतो तर शाई लाल वापरली असती.

सगळं पाठवतोय, २०२० पासूनचं. पण तुझ्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. मी परत सगळी बारा चित्रं काढून बसलो. सपाट आहेत. दुधावर पसरलेली साय जशी. माईला पुन्हा बोलावलं, ती पदर खोचून आली, बघितलं आणि "उजाडलंय" म्हणून पोळ्या करायला निघून गेली. बायको आणि नात एका पक्षात गेल्या की पुरुषाने वनवासाला निघावं.

माझी पद्धत तुला नीट सांगतो, म्हणजे शंकेला जागा नको. अंधुक गोष्ट बघायची तर तिच्याकडे थेट बघायचं नाही, हे तुला मीच शिकवलंय. नजर जरा बाजूला ठेवली की अंधुक तारा दिसतो, थेट रोखली की जातो. तीच तिरकी नजर मी इथे वापरतो. डाव्या डोळ्यावर डावा तळहात, उजवा डोळा चित्राच्या मधोमध एका ताऱ्यावर रोखलेला, अजिबात हलवायचा नाही. मग नजरेच्या कडेने चौफेर अंधार जोखायचा. जिथे काळं वाटेल तिथे माउसने उजेड चढवायचा, जिथे पिवळं वाटेल तिथे उतरवायचा. सगळीकडे एकसारखं झालं की थांबायचं. कारखान्यात पत्र्यावरच्या शेडसुद्धा मी असेच जोखायचो. साहेब लोक मशीन घेऊन यायचे आणि शेवटी मला विचारायचे, "काय, पास?"

मुकेशला विचारलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, पॅनल में खोट निकली तो दुकान का शटर तुम गिराना." त्याच्या दुकानाचं शटर तसंही गंजलेलं आहे, माझ्याने पडणार नाही.

तुझी आई फोन करते का? मला करत नाही. म्हणावं, नाशिकला राहून काकाला विसरली.

अण्णा


अल्मोडा,
२४ डिसेंबर २०२४

प्रिय अण्णा,

लाल शाई आली नाही, म्हणजे मी अजून घरातली आहे.

तुमचे फ्लॅट तपासले. मुकेशभाईंचं शटर वर राहू द्या, पॅनल एकदम चांगलं आहे. धुळीच्या सावल्याही भागाकाराने नीट गेल्यात. कोपऱ्याचं कारण अजून नक्की सांगता येत नाही, त्यावर मी बसलेय.

दरम्यान तुमच्याकडे एक काम आहे. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलांना मला डोळ्याने केलेली आणि मशीनने केलेली सफाई शेजारी ठेवून दाखवायची आहे. सोबतच्या पेन ड्राइव्हवर आमच्या वेधशाळेचे दोन फोटो आहेत, क आणि ख. दोन्हींत मधे एक ठिपका आहे, बाकी पार्श्वभूमीच. तुमच्या पद्धतीने सपाट करून द्या. क उजव्या डोळ्याने, ख डाव्या डोळ्याने. नजर ठिपक्यावरून हलवायची नाही. डाव्याची सवय नाही हे माहीत आहे, पण मुलांना तुलना दाखवायला हवी आहे. एवढं कराच.

आणि शक्यतो लवकर करा. मुलं थांबली आहेत.

आई बरी आहे. तुमचा निरोप दिला. म्हणाली, काकांचा फोन कायम एंगेज असतो.

तुमची,
राजसी


अंबरनाथ (पश्चिम),
३ जानेवारी २०२५

चि. राजसी,

काम फत्ते. दोन्ही फोटो परत पाठवतोय. तुझ्या मुलांना सांग, हे एका निवृत्त शेड अधिकाऱ्याचं काम आहे, नमुना म्हणून जपून ठेवा.

क मधे तुमच्या वेधशाळेचा चांगलाच घोळ आहे बरं का! वरच्या डाव्या कोपऱ्यात सरळसरळ काळोखी. एवढी मोठी दुर्बीण, सरकारचा एवढा थाट, आणि कोपरा मात्र आमच्या जिन्यासारखा. मी बराच उजेड चढवला तेव्हा कुठे सारखं झालं. तुमच्या साहेबांना नावानिशी कळवलंस तरी माझी हरकत नाही.

ख डाव्या डोळ्याने केला. खरं सांगू, डावा अगदीच शिकाऊ. त्याला काही दिसलंच नाही. सगळं आधीपासून सपाट वाटलं, म्हणून मी माउसला हातसुद्धा लावला नाही. तसाच परत पाठवतोय. मुलांना सांगायला चांगलं उदाहरण आहे: तयार डोळा दोष पकडतो, कच्चा डोळा सगळं पास करतो.

प्रदर्शनाची तारीख ठरली, ९ फेब्रुवारी. वाचनालयाचे शंकरराव फ्रेम करून देताहेत. माईने मला त्या दिवसासाठी नवा झब्बा घेतला, रंग तिनेच निवडला. मला विचारलंसुद्धा नाही!

अण्णा


अल्मोडा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अण्णा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा सरळच लिहितेय. बसून वाचा, आणि माईला शेजारी बसवा.

मी तुमच्याशी खोटं बोलले. क आणि ख वेधशाळेचे फोटो नव्हतेच. ते मी कॉम्प्युटरवर बनवले. मधला ठिपका सोडला तर दोन्हींत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच राखाडी रंग होता. एका आकड्याचाही फरक नव्हता. क च्या कोपऱ्यात काळोख नव्हता, अण्णा. तो तुमच्या उजव्या डोळ्याला दिसला.

तुमचे मूळ फोटो चांगले आहेत, फ्लॅट चांगले आहेत, भागाकार चांगला आहे. उजळ कोपरा येतो तो तुम्ही हाताने उजेड चढवता तेव्हाच. मी सगळ्या वर्षांची चित्रं तपासली. २०२० मधे कोपरा नाहीच. २०२२ मधे लहानसा आहे, नखाएवढा. २०२३ मधे वाढला. या बारा चित्रांत तो चित्राचा जवळजवळ पाव भाग आहे. सोबत त्याचा नकाशा काढून पाठवतेय. जिथे तुम्ही जास्त उजेड दिलात ती जागा मी काळी केली आहे.

रोजच्या वागण्यात हे तुम्हाला कळणार नाही, कारण एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो. तुम्ही एक डोळा झाकून, नजर न हलवता काम करता, म्हणूनच ते चित्रात उतरलं. मी डॉक्टर नाही. पण वाढत जाणारी गोष्ट आहे, आणि हे मला दिसत असताना मी गप्प बसणार नाही.

फसवलं, त्याची माफी मागते. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही आकड्यांवर विश्वास नाही म्हणाला असतात. प्रदर्शन, फ्रेम, सगळं बाजूला ठेवा. हे पत्र वाचून झालं की चपला घाला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मला तुमच्यासाठी फार भीती वाटतेय, अण्णा.

तुमचीच,
राजसी


अंबरनाथ,
२५ जानेवारी २०२५

चि. राजसी हिस,

माईचा आशीर्वाद. मला पत्रं लिहायला आवडत नाहीत, पण हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र यांनी उभ्यानेच वाचलं. मग घडी घालून पंचांगात ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कोरा कागद देऊन परीक्षा घेतली माझी. मी काय शिकाऊ उमेदवार आहे?" मी म्हटलं, परीक्षेत नापास झालात त्याचं काय? तेव्हा जेवले नाहीत.

डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात मला वर्तमानपत्राची बारीक छपाई दिसते. ते खरंच आहे, दिसते. म्हणून मलाही कधी शंका आली नाही. पण परवा मी गंमत म्हणून यांचा डावा डोळा माझ्या हाताने झाकला आणि समोरच्या कॅलेंडरच्या मधल्या तारखेवर नजर ठेवायला सांगितलं. विचारलं, वरच्या कोपऱ्यात देवाचं चित्र दिसतं का? हात झटकला आणि म्हणाले, "मला खेळ नकोत." दिसलं का नाही ते काही सांगितलं नाही.

आज सकाळी ते पॅनल गोणपाटात गुंडाळून रिक्षाने उल्हासनगरला गेलेत. म्हणे खोट पॅनलमधेच आहे, मुकेशच्या तोंडावर दाखवतो, मग राजसीलाही दाखवतो. जाऊ देत. भांडून आले की माणूस जरा मऊ होतो.

तू मात्र आता माफीची पत्रं धाडू नकोस. एक पाठवलंस ते पुरे. आणखी पाठवलीस तर हे डोक्यावर चढून बसतील. तू केलंस ते बरोबर केलंस. माझ्या पोटच्या मुलाला जे दिसलं नाही ते तुला एवढ्या लांबून दिसलं.

माई


अंबरनाथ (पश्चिम),
३१ जानेवारी २०२५

चि. राजसी,

आधी भांडण. तू मला कोरा कागद दिलास आणि मी त्यावर तुमच्या वेधशाळेचे दोष काढत बसलो. ते आठवलं की अजून कान गरम होतात. मला राग आला होता आणि तो खरा होता. एवढं लिहिल्यावर आता तो संपला.

पंचवीस तारखेला मुकेशकडे गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच पॅनल काउंटरवर आपटलं. म्हटलं, लाव, आणि हा वरचा डावा कोपरा बघ, मळकट आहे. मुकेशने लावलं. म्हणाला, "अण्णा, मेरे को तो बराबर दिखता है." मी म्हटलं, तू दोन डोळ्यांनी बघतोस, अशी चूक दिसणार नाही. डावा डोळा झाक आणि मधे बघ. त्याने बिचाऱ्याने झाकला. "अभी भी बराबर है."

मग मी झाकला. कोपरा मळकट. अगदी स्पष्ट. मी म्हटलं, बघ, आहे का नाही?

मुकेशने पॅनल उचललं आणि उलटं केलं, खालची बाजू वर. "अब?" मी बघितलं. मळकट वरच्या डाव्या कोपऱ्यातच. त्याने पुन्हा फिरवलं, आडवं. तिथेच. आणखी एकदा फिरवलं. तिथेच. मुकेशने पॅनल हळूच खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साईं, तीन बार घुमाया. पॅनल का कोना घूम गया. तुम्हारा काला नहीं घूमा."

राजसी, हे मला सांगायला मुकेश कशाला हवा होता! एकतीस वर्षं मी पोरांना हेच शिकवत होतो. डाग दिसला की पत्रा फिरवा. डाग पत्र्याबरोबर फिरला तर पत्र्याचा, जागेवर राहिला तर दिव्याचा. तिसरी शक्यता मी कधी शिकवली नाही, कारण तिथे बसलेला डोळा माझा होता.

मी स्टुलावर बसलो. मुकेशने चहा मागवला आणि मग मला विचारलंसुद्धा नाही, गिऱ्हाइकांना "कल आना" म्हणाला, शटर ओढलं आणि स्कूटरवर मागे बसवून थेट अंबरनाथला डॉक्टर अभिजीतकडे आणलं. वाटेत एकदाच बोलला, "पॅनल में खोट निकली तो शटर तुम गिराना, ऐसा बोला था. मैंने ही गिराया."

तपासणी म्हणजे एका पांढऱ्या अर्ध्या गोळ्यात तोंड घालून बसायचं. नजर मधे ठेवायची आणि कुठेही बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. डावा डोळा फर्स्ट क्लास. उजव्याच्या वेळी मी बराच वेळ बटण दाबायची वाट बघत बसलो होतो. मला वाटलं मशीन थांबलंय. ते थांबलं नव्हतं.

काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही, मधलं बारीक अक्षर शेवटपर्यंत दिसतं. गेलं ते परत येणार नाही. आणखी जाऊ नये म्हणून औषधाचे थेंब, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. डॉक्टरांनी कागद काढला तेव्हा मी पाकिटातून तुझा नकाशा काढून शेजारी ठेवला. वरचा डावा भाग दोन्हीकडे काळा. त्यांनी विचारलं, "हा कुठल्या हॉस्पिटलचा?" मी म्हटलं, आमच्या नातीचा. ती तारे बघते.

मला भीती वाटली, हे तुलाच सांगतो. घरी येऊन मी बाथरूममधे नळ सोडून रडलो. माईला ते बाहेरून कळलं होतं, कारण तेवढ्या वेळात दोन बादल्या भरून वाहिल्या. थेंब आता तीच घालते. मी हलतो म्हणून रागावते.

प्रदर्शन होईल. बाराही चित्रं मी पुन्हा करतोय, मशीनच्या आकड्यांवर. मग माई खुर्ची टाकून बसते. "कोपरा अजून उजळ आहे." पुन्हा करतो. "हं, पास." शंकररावांना सांगितलंय, चित्राखाली दोन नावं लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, जवळच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं. ते ऐकलं आणि मला दादा आठवला. तुझे आजोबा शेवटची चार-पाच वर्षं भिंतीला हात लावून चालायचे. उंबऱ्याला अडखळायचे, बाजूने आलेला माणूस त्यांना कळायचा नाही. आम्ही म्हणायचो, वय झालं. मी त्यांचा सख्खा भाऊ, डोळ्याच्या जोरावर पोट भरलेला माणूस, आणि मीही म्हणायचो वय झालं. माझ्या कोपऱ्यापेक्षा ते मला जास्त टोचतंय.

म्हणून तू आठ दिवसांत डोळे तपास. आणि तुझ्या आईला, सुरूला, पाठव. ती दादाची मुलगी, तिचा धोका तुझ्याहून मोठा. ती म्हणेल मला स्पष्ट दिसतं. मीही तेच म्हणत होतो. तिला माझं हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखव, नळासकट.

तुझा,
अण्णा


अल्मोडा,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अण्णा,

प्रदर्शनाचे फोटो माईने पाठवले, व्हॉट्सअ‍ॅपवर, भुगा होऊन. तरी झब्बा छान दिसतोय. मुकेशभाई प्रत्येक चित्रापुढे उभे राहून एक डोळा झाकून बघत होते, हेही कळलं.

मी खाली हल्द्वानीला जाऊन तपासून आले. माझे दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, आता दर वर्षी तपासायचे.

आई तुमच्या म्हणण्याप्रमाणेच वागली. "मला सुईत दोरा ओवता येतो, चष्मासुद्धा लागत नाही." मी फोनवर तुमचं पत्र वाचून दाखवलं. दादाआजोबांच्या भिंतीपाशी आले तेव्हा तिने मला थांबवलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आपणहून गेली.

अण्णा, तिच्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला आहे. दोन्ही. नस खराब व्हायला नुकतीच सुरुवात झाली आहे. पण नजर पूर्ण आहे, कुठलाच कोपरा अजून गेलेला नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, थेंब आजपासून सुरू केले तर बहुधा जाणारही नाही. आणखी तीन-चार वर्षं अशीच गेली असती तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

आईने रात्री मला फोन केला. विचारलं, "एवढ्या लवकर कुणाला कळत नाही म्हणे. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "अण्णांनी बारा चित्रं बिघडवली म्हणून."

ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या हातात पण कुणी कॅमेरा द्यायला हवा होता गं."

तुमची,
राजसी